अफलातून म्हणजे प्लेटो आणि केंद्र म्हणजे पराणी! (ग्रीक उसनवारीचा धागा)

वाटसरू_कऱ्हाड

मंडळी नमस्कार, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

परवा भावाकडे जेवायला होतो. कटाची आमटी तिसऱ्यांदा वाढून घेताना मी आपलं सवयीनं म्हणून गेलो की वहिनी, अफलातून झालीय. भाची नववीत आहे, ती लगेच, काका अफलातून म्हणजे नक्की काय? आता हे मला नेमकं माहीत होतं, त्यामुळे कॉलर ताठ करून सांगितलं की बाई, अफलातून म्हणजे प्लेटो. ग्रीकमध्ये प्लातोन, अरबीत प नाही म्हणून फ आला, सुरुवातीचं जोडाक्षर जिभेवर चढेना म्हणून पुढे अ लागला, झालं अफलातून. तिकडून फारसीत, फारसीतून आपल्याकडे. वाटेत अर्थही घसरला, आधी तत्त्ववेत्ता, मग 'मोठा आला अफलातून' असा शहाणपणा मिरवणारा, आणि मराठीत येईपर्यंत आमटीसुद्धा अफलातून. भाची म्हणते, म्हणजे आई, तुझी आमटी प्लेटो झालीय! वहिनीला कळेना कौतुक आहे की टोमणा.

घरी आल्यावर डोक्यात भुंगा. ग्रीकांचा जगावर प्रभाव म्हटला की आपल्याला आठवतं ते लोकशाही, ऑलिंपिक, सॉक्रेटिसचा विषाचा प्याला, आणि मुंबईत एशियाटिकच्या पायऱ्या चढून गेलं की समोर येतात ते डोरिक खांब. पण हे सगळं इंग्रजांनी आणलेलं, पाटी लावून आलेलं. मला इंटरेस्ट आहे तो बिनपाटीच्या मालात. दीडदोन हजार वर्षांपूर्वी येऊन घरात बसलेला, जेवूनखाऊन आपलाच झालेला.

माझ्याकडचा सगळ्यात भारी नमुना 'केंद्र'. आपण सरसकट संस्कृत समजतो ना? ग्रीक 'केंत्रॉन'. मूळ अर्थ टोचायचं टोक, बैल हाकायची पराणी. कंपासचं टोकदार पाऊल कागदावर रुततं त्यालाही तेच म्हणायला लागले, मग ते टोक जिथे रुततं तो वर्तुळाचा मधला बिंदू. तिथून ज्योतिषाबरोबर इकडे आलं. आणि आता परीक्षा केंद्र, लसीकरण केंद्र, केंद्र सरकार. म्हणजे दिल्लीत बसलंय ते मुळात पराणी आहे, हे आमच्या बाजारातल्या शेतकऱ्यांना सांगितलं तर कुणालाच आश्चर्य वाटणार नाही.

तर अजून काय काय आहे? शब्द, वस्तू, दगड, काहीही चालेल. जाणकारांनी भर घालावी.

रानजाई

मस्त धागा! सुरुंग घ्या. ग्रीक 'सिरिंक्स' म्हणजे नळी, बासरी, आणि तटाखालून खणलेला बोगदासुद्धा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुरुङ्गा' आहे. आपण गडाखाली सुरुंग लावतो, खाणीत सुरुंग उडवतो. इंजेक्शनची सिरिंज त्याच नळीतून निघालेली सख्खी बहीण.

आंबेवाला_देवगड

कलम राहिलं की वो. लेखणीचं कलम आणि आमचं हापूसचं कलम एकच. अरबीत कलम, ते ग्रीक 'कालामॉस' म्हणजे बोरूवरून. बोरू तासून लेखणी, फांदी तासून कलम. आज्यानं लावलेली कलमं अजून धरतात, ग्रीकांना एक पेटी पाठवायला हवी.

टवाळ_पोपट

पेटीचा दर बघून ग्रीस पुन्हा कर्जात जाईल.

रानजाई

@टवाळ :))

अरबी-फारसी वाटेनं आलेले अजून: अफू ('ओपिऑन', म्हणजे चीक), दिव्याचं फाणस ('फानॉस'), आणि कायदेकानू मधला कानू, तो 'कानोन', म्हणजे मोजायची सरळ काठी. पैशातला दाम थेट आला, द्राख्मे, त्याचं द्रम्म, त्याचं दाम. 'एक छदाम देणार नाही' असं आजी भांडायची तेव्हा ती ग्रीक चलनात भांडत होती.

आणि युनानी दवाखाना! यवन, युनानी दोन्ही 'आयोनिया' वरून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचा पश्चिम किनारा. इराण्यांचा पहिला संबंध त्या ग्रीकांशी आला, ते त्यांना यौन म्हणायचे, आपण यवन केलं. पुढे आपण तोच शब्द मुसलमानांना चिकटवला आणि मूळ मालक विसरून गेलो.

पंचांगवाले_नाना

वाटसरू, केंद्राचं बरोबर सांगितलंस, पण अर्धंच. पत्रिकेत पहिलं, चौथं, सातवं, दहावं ही केंद्रस्थानं. त्यांच्या पुढची चार 'पणफर' आणि त्यापुढची चार 'आपोक्लिम'. हे शब्द मी वडिलांकडून पाठ केले तेव्हा वाटायचं काय हे विचित्र संस्कृत, धातू सापडत नाही, व्युत्पत्ती लागत नाही. लागणार कशी, ग्रीकमध्ये 'एपानाफोरा' आणि 'आपोक्लिमा'. वराहमिहिराच्या बृहज्जातकात तर राशींची ग्रीक नावंच दिली आहेत, क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक... जितुम म्हणजे दिदुमॉई, जुळे, आपलं मिथुन. लेय म्हणजे लेऑन, सिंह.

सगळ्यात गोड उदाहरण जामित्र. पत्रिकेतलं सातवं घर, विवाहाचं, लग्नाच्या (म्हणजे पत्रिकेतल्या पहिल्या घराच्या) बरोबर समोरचं, म्हणून ग्रीक 'दियामेत्रॉन', म्हणजे व्यास. आता कुमारसंभवाचा सातवा सर्ग काढा. शिवपार्वतीच्या लग्नाची तिथी कशी होती? 'जामित्रगुणान्वितायाम्'. प्रत्यक्ष महादेवाच्या लग्नाच्या मुहूर्तात कालिदासानं ग्रीक भूमितीचा शब्द घातला आणि कुणाला खटकलं नाही.

खवट_म्हातारा

झालं, म्हणजे आता ज्योतिषपण ग्रीकांचं. आपल्याकडे काही होतं की नाही? होरा, म्हणजे ज्योतिषातला तास, हा शब्द अहोरात्र मधून आलाय, पहिलं आणि शेवटचं अक्षर काढा, अ-होरा-त्र. लहानपणी शास्त्रीबुवांनी सांगितलंय. हे सगळं पश्चिमेकडून आलं म्हणायची फॅशन आहे.

पंचांगवाले_नाना

शास्त्रीबुवांनी सांगितलं ते बृहज्जातकातलंच, पण शब्द नीट वाचा. वराहमिहिर म्हणतो 'होरेत्यहोरात्रविकल्पमेके वाञ्छन्ति', म्हणजे काही लोक असं मानू इच्छितात. तो स्वतः काठावर उभा आहे. शब्दाची पुढची मागची अक्षरं छाटून नवा शब्द करायची पद्धत संस्कृतात दुसरीकडे कुठे दिसते सांगा. ग्रीकमध्ये 'होरा' सरळ आहे, काळ, तास. इंग्रजीतला अवर तोच.

आणि लाज वाटायचं कारण काय? हाच वराहमिहिर बृहत्संहितेत म्हणतो, म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम्, ऋषिवत्तेऽपि पूज्यन्ते. यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलेलं आहे म्हणून त्यांनाही ऋषींसारखं पूजतात. सहाव्या शतकातला माणूस बेधडक ऋण मान्य करतो आणि आपण दीड हजार वर्षांनी त्याच्या वतीनं अपमान वाटून घेतोय.

गणिती_आगाऊ

नाना __/\__

होऱ्यावरून वारांचं गणित सांगतो, मी आठवीच्या पोरांना हे करून दाखवतो आणि दरवेळी वर्ग गप्प होतो. रविवारनंतर सोमवारच का? ग्रहांच्या अंतराचा क्रम लावा तर असा येत नाही. ग्रीक खगोलात पृथ्वीपासून दूर ते जवळ असा क्रम होता: शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. आता दिवसाचे चोवीस होरे, प्रत्येक होरा एका ग्रहाचा, याच क्रमानं. ज्याचा पहिला होरा त्याच्या नावाचा वार. रविवारी पहिला होरा रवीचा. बोटांवर मोजा: रवि, शुक्र, बुध, चंद्र, शनि, गुरू, मंगळ. सात झाले. असे तीन फेरे म्हणजे एकवीस. बावीसावा पुन्हा रवि, तेविसावा शुक्र, चोविसावा बुध. पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सूर्योदयाचा पहिला, चंद्राचा. सोमवार! तिथून पुन्हा मोजा, चंद्र, शनि, गुरू तीन उरतात, पुढचा मंगळ. मंगळवार. चोवीसला सातानं भागून बाकी तीन उरते, सगळा खेळ त्या तीनाचा.

वेदात वार नाहीत, तिथी-नक्षत्रं आहेत. तारखेत वार घातलेला जुन्यातला जुना भारतीय शिलालेख मध्य प्रदेशात एरणला, बुधगुप्ताच्या काळातला, इ.स. ४८४, गुरुवार. पण @खवट काका, यात ग्रीकांचंही सगळं स्वतःचं नाही. ग्रहांचं देवपण बॅबिलोनचं, चोवीस तास इजिप्तचे, ग्रीकांनी मोट बांधली. त्यांची लिपीसुद्धा फिनिशियन व्यापाऱ्यांची. अल्फा, बीटा या शब्दांना ग्रीकमध्ये काही अर्थ नाही, फिनिशियनांकडे ते बैल आणि घर होते.

आणि उलटी वाटसुद्धा आहे. ग्रीक लोक वर्तुळातली आख्खी जीवा मोजायचे, त्यांच्या टॉलेमी या खगोलज्ञाचा तक्ता आख्ख्या जीवांचा. आपल्या लोकांनी ती अर्धी केली, अर्धज्या, मग नुसती ज्या, आणि हिशेब एकदम सुटसुटीत झाला. ही ज्या किंवा जीवा अरबीत गेली, 'जिबा'. अरबीत लिहिताना स्वर गाळतात, त्यामुळे पुढच्यांनी ते 'जैब' वाचलं, म्हणजे कपड्याचा गळा, खोळ. लॅटिनवाल्यांनी खोळीला सायनस म्हटलं. तो साइन! कॅल्क्युलेटरवर साइन दाबता तेव्हा ग्रीक प्रश्नाला भारतीय उत्तर अरबी अक्षरात चुकीचं वाचून लॅटिनमध्ये लिहिलेलं बटण दाबता.

खवट_म्हातारा

हे माहीत नव्हतं. साइनचं पटलं. होऱ्याचं विचार करून सांगतो.

टवाळ_पोपट

खवटकाकांनी 'पटलं' लिहिलं, स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

लेणीवेडी

शब्द झाले, आता दगड. एकवीरेला जाता ना सगळे? आईचं दर्शन घेऊन लोक खाली उतरतात आणि शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात पाच मिनिटं सेल्फी. पुढच्या वेळी तिथल्या खांबांकडे बघा. बऱ्याच खांबांवर दात्यांची नावं कोरलीयत, आणि त्यातले कितीतरी दाते यवन. एकावर सरळ आहे, 'धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं'. धेनुकाकट गावच्या सिहधय यवनानं दिलेला खांब.

मी ब्राह्मी नुकतीच शिकत होते तेव्हा भावाला घेऊन गेले होते. तो टॉर्च धरून उभा, आणि मी अक्षरं शोधतेय. य म्हणजे होडीच्या नांगरासारखं, व म्हणजे गोळा आणि त्यावर काडी, न म्हणजे उलटा टी. य-व-न सलग जुळलं तेव्हा अंगावर काटा आला. भाऊ म्हणे, एवढंच ना, चल भूक लागलीय.

नाशिकला पांडवलेण्यात सतरा नंबरचं लेणं आख्खं एका यवनाचं. इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दत्तामित्री नगरातला 'योनक', म्हणजे यवन. जुन्नरला तर काय, कुणी यवनानं पाण्याची टाकी दिली, कुणी भोजनमंडप. आणि मजा बघा, त्याच नाशिकला तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीला शक-यवन-पह्लवांचा नि:पात करणारा म्हटलंय. एकाच डोंगरात यवनांचा नाश आणि यवनांचं दान, फर्लांगभर अंतरावर.

झाडाखालचा_वाचक

पण ही माणसं खरंच ग्रीक होती का? नावं तर आपलीच दिसतात, इंद्राग्निदत्त काय, धर्मदेव काय.

लेणीवेडी

प्रश्न बरोबर आहे आणि यावर अभ्यासकांत वाद आहेतच. काहींच्या मते पश्चिमेकडचा कुठलाही व्यापारी म्हणजे यवन. मला स्वतःला वाटतं की पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली, बौद्ध झालेली, नावं बदललेली माणसं ही, पण 'आम्ही यवन' हे मात्र त्यांना दगडावर लिहावंसं वाटलं. जसं आपल्यातला अमेरिकेत जन्मलेला सॅम देशपांडे.

ज्याचं नाव धडधडीत ग्रीक आहे असा पाहिजे तर विदिशाला जा. हेलिओदोर, दियाचा म्हणजे दिओनचा मुलगा, तक्षशिलेचा, अंतलिकित म्हणजे अँटिअल्किडास या ग्रीक राजाचा दूत. यानं इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या शेवटी वासुदेवाचा गरुडध्वज उभा केला आणि स्वतःला भागवत म्हणवून घेतलं. ग्रीक माणूस, भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, देव वासुदेव. आजूबाजूचे लोक त्याला खांबबाबा म्हणून शेंदूर फासत आले. शेंदराचा थर इतका जाड की १८७७ मध्ये पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम येऊन खांब बघून गेला तरी लेख दिसला नाही. १९०९ मध्ये थर काढला तेव्हा खाली अक्षरं. मला तर वाटतं लेख टिकला तो शेंदरामुळेच.

वाटसरू_कऱ्हाड

वाह! धाग्याचं सोनं केलंत ताई.

आमच्या बाजूचं एक सांगतो. कोल्हापूरला टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात सापडली, इतर कांस्य भांड्यांबरोबर. घडण रोमन काळातली, देव ग्रीक, समुद्राचा. आता समुद्राच्या देवाला सह्याद्री ओलांडून कोल्हापुरात कुणी आणलं असेल? शाळेची सहल गेली होती तेव्हा आम्ही शस्त्रांकडेच पळत होतो, ही मूर्ती बघितल्याचं आठवतही नाही. परवा मुद्दाम गेलो. शेजारी उभा असलेला एक पोरगा वडिलांना विचारत होता, हा कुठला पैलवान?

रानजाई

कोल्हापुरात पैलवानच म्हणणार!

कुणी आणली असेल याचा अंदाज पेरिप्लसवरून बांधता येतो. पहिल्या शतकातलं ग्रीकमधलं पुस्तक, म्हणजे खरंतर एका खलाशी-व्यापाऱ्याची वही. लेखकाचं नाव नाही. त्यात आपली गावं कशी येतात बघा: सोपारा, कल्याण, चौल, आणि आत पैठण नि तेर. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून अकीकासारखे दगड, तेरहून साधं कापड भरपूर, सगळं बैलगाड्यांतून वाईट रस्त्यांनी भडोचला जायचं. रस्त्यांबद्दलची तक्रार पहिल्या शतकातली आहे याची नोंद घ्यावी. आणि भडोचच्या बाजारात ग्रीक अक्षरांचे, मिनँडर नि अपोलोडोटसच्या नावांचे जुने द्राख्मे तेव्हाही चालत होते, त्या राजांना जाऊन दोनेकशे वर्षं झाल्यावर!

गणिती_आगाऊ

नाण्यांवरून आठवलं, नहपान या शक राजाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं आहेत. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा निघाला, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं आपला शिक्का पुन्हा मारलेला. जिंकलं तर नवी नाणी पाडायची कटकट कशाला, त्याच नाण्यावर ठोका. खाली ग्रीक अक्षरं अर्धवट दिसतातच.

झाडाखालचा_वाचक

मिनँडर म्हणजे मिलिंदच ना? मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथातला? आमच्या गल्लीत चार मिलिंद आहेत. औरंगाबादला बाबासाहेबांनी कॉलेजला नाव दिलं तेही मिलिंद. नागसेन भिक्खूशी रथाच्या उदाहरणावरून वाद घालणारा राजा, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का.

वाटसरू_कऱ्हाड

हो तोच! अरे हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे मराठी घरात बारशाला ग्रीक राजाचं नाव ठेवतात, कानात 'कुर्रर्र' करून.

टवाळ_पोपट

माझं नाव मिलिंद आहे. आजपासून मला कुणीही अरेतुरे करायचं नाही.

निमा_मेलबर्न

उशिरा आले, सगळं एका दमात वाचलं. मी तुम्हाला जिवंत ग्रीक सांगते, मेलबर्नमध्ये ग्रीक लोक भरपूर, आमच्या शेजारी तर एक आजीच आहेत, त्यांना सगळे यायाच म्हणतात, याया म्हणजे आजी. ऐंशीच्या पुढे वय, इंग्रजी मोजकं. पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. मी त्यांना विचारलं लेकीला तुमच्या बागेतलं लिंबू घेऊ का, त्या म्हणाल्या 'ने, ने'. मला वाटलं नको म्हणतायत, मी पोरीला ओढत घरी आणलं. त्या मागून लिंबांची पिशवी घेऊन दारात, चेहरा पडलेला. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो! आणि नाहीला 'ओही'. म्हणजे आपल्या कानाला बरोब्बर उलटं.

दृष्टीचं तर विचारूच नका. माझी लेक जरा किरकिरली की त्या 'फ्तू फ्तू फ्तू' करून तीनदा थुंकल्यासारखं करतात. एकदा ताटलीत पाणी घेऊन तेलाचे थेंब सोडले, ओठात काहीतरी पुटपुटल्या. थेंब पसरले तर दृष्ट लागली म्हणतात. सासूबाई तेव्हा भारतातून आल्या होत्या, त्या बघत होत्या. मग उठून आमच्या स्वयंपाकघरातून मीठमोहरी घेऊन आल्या. दोघींचं एक अक्षर एकमेकींना कळत नव्हतं पण पोरीची दृष्ट दोन्हीकडून निघाली.

पंचांगवाले_नाना

निमा, त्या आजींना एक विचारशील का, केंद्र शब्द आज त्यांच्याकडे कसा वापरतात?

निमा_मेलबर्न

नाना, विचारून आले. 'केंद्रो' म्हणजे शहराचा मधला भाग, ट्रॅमनं केंद्रोला जाते असं म्हणतात, आपल्यासारखंच. मग मी त्यांना मोबाईलवर बैल आणि पराणीचा फोटो दाखवला. आधी नुसत्या बघत राहिल्या, मग खूप हसल्या आणि दंडावर बोटानं टोचून दाखवलं, 'केंद्री, केंद्री', म्हणजे मधमाशीची नांगी. मग मला थांबवून आत गेल्या आणि एक उशीचा अभ्रा आणला, लाल निळ्या दोऱ्यानं भरलेला, आईनं गावी असताना भरला होता म्हणाल्या. त्यावर हात फिरवत म्हणाल्या 'केंदिमा'. भरतकामाला तोच शब्द आहे, सुई टोचतात म्हणून.